आधी वाक्य फिरवायला शिक

पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि खरं सांगते, आधी मला रागच आला. एवढा लांबलचक मेसेज, बारा काळांचा तक्ता पाठ आहे, तीन ॲप घेतले, यूट्यूबवरच्या त्या सरांचे सगळे व्हिडिओ बघून झाले, लाल-हिरव्या पेनाने वहीत नियम उतरवले, आणि शेवटी काय तर "मॅडम, वॉर्डात एक वाक्य लिहायचं म्हटलं की हात थांबतो, सीनियर हसतात, नर्सिंगचा हा जीएनएम कोर्स सोडून देऊ का." सोडणार नाहीयेस तू, ते आपल्या दोघींना माहितीये, म्हणून त्यावर मी काही बोलत बसत नाही. धीर द्यायला तुझी आई आहे. मी व्याकरणाचं बोलते.

तुझ्या अख्ख्या मेसेजमध्ये तू स्वतः बनवलेलं एकही इंग्रजी वाक्य नाही. नियम आहेत, नियमांची नावं आहेत, कोणत्या सरांनी कसा समजावला तेही आहे. वाक्य कुठाय? तक्ता पाठ असणं म्हणजे व्याकरण येणं नव्हे गं. सलाइन लावायला तू पुस्तकातून शिकलीस का? शीर कुठे असते ते चित्रात सगळ्यांनाच दिसतं, पण म्हाताऱ्या बाईच्या सुकलेल्या हातावर ती बोटालाच सापडते, आणि बोटाला सापडते ती रोज हात लावून.

तर माझं एकच म्हणणं आहे, गेली कित्येक वर्षं येणाऱ्या प्रत्येक बॅचच्या कानीकपाळी मी तेच ओरडत आलेय. वाक्य फिरव. एक साधं वाक्य घे, त्याचा नकार कर, त्याचा प्रश्न कर. मग तेच भूतकाळात ने आणि परत तीन ओळी. सहा ओळी झाल्या. हाताने लिहायच्या, मोठ्याने म्हणायच्या, उद्या दुसरं क्रियापद. पुढे जे लिहिणार आहे ते सगळं याच्याबद्दलच आहे, कंटाळा आला तर इथेच वाचन थांबव आणि वही काढ, मला जास्त बरं वाटेल.

तुझी आई ब्लाउज शिवते ना, तेच घेऊ.

माय मदर स्टिचेस ब्लाउजेस.
माय मदर डझ नॉट स्टिच ब्लाउजेस.
डझ माय मदर स्टिच ब्लाउजेस?
माय मदर स्टिच्ड ब्लाउजेस.
माय मदर डिड नॉट स्टिच ब्लाउजेस.
डिड माय मदर स्टिच ब्लाउजेस?

आता "आई तर शिवते मग शिवत नाही असं खोटं कसं लिहू" असं विचारू नकोस, मागच्या बॅचमधल्या एकीने खरंच विचारलं होतं.

नीट बघ काय झालंय ते. पहिल्या ओळीतल्या स्टिचेसच्या शेपटीला जो एस आहे तो दुसऱ्या ओळीत कुठे गेला? डझमध्ये गेला. सरळ वाक्यात डू लपलेला असतो, नकार नाहीतर प्रश्न आला की तो बाहेर येतो आणि येताना क्रियापदाचा एस, नाहीतर भूतकाळ, जे काय असेल ते स्वतःकडे घेतो. क्रियापद मोकळंच राहतं. म्हणून ते तुझं "पेशंट डिड नॉट टूक टॅबलेट" चुकलं, ज्यावर ती सीनियर हसली. भूतकाळ एकदाच लागतो आणि तो डिडने घेतलेला आहे, टेकला परत कशाला द्यायचा. हे तुला शाळेपासून शंभर जणांनी सांगितलं असणार. कानाने ऐकलेलं राहत नाही, टेक-टूक-डिड नॉट टेक असं पाच-सहा दिवस फिरवलंस की चुकीचं वाक्य जिभेलाच खटकायला लागतं.

इज, आर, वॉज, कॅन, विल ही मंडळी वेगळी, आणि हॅज टेकन मधला हॅजही त्यांच्यातलाच. त्यांना डूची गरज पडत नाही, प्रश्न आला की ती स्वतःच उठून पुढे येऊन बसतात. द पेशंट इज स्लीपिंग, इज द पेशंट स्लीपिंग? मराठीत आपण वाक्याला हातसुद्धा लावत नाही, "पेशंट झोपलाय" च्या शेवटी नुसता "का" टाकला की प्रश्न तयार. म्हणून आपल्या मुली इंग्रजीतही "पेशंट इज स्लीपिंग?" असा नुसता सूर चढवून विचारतात, चालतंही ते बोलताना, पण लिहायची वेळ आली की अडतात. आपल्या भाषेत शब्द जागचे हलवावे लागत नाहीत म्हणूनच आपल्याला फिरवायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते, दुसरं कारण नाही.

आणि अवघड अवघड काय म्हणतेस गं सारखं? मराठीत गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेलं, गेल्या, एवढं सगळं तू न अडखळता बोलतेस. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, म्हणजे खाणारी तूच पण क्रियापद चाललंय ताटातल्या वस्तूप्रमाणे! इंग्रजीत काय आहे, एट. कोणी खाल्लं, काय खाल्लं, किती जणांनी खाल्लं, सगळ्याला एट. ईट, ईट्स, एट, ईटन, ईटिंग अशी पाच रूपं, संपला विषय. फक्त त्या बी ला आठ आहेत, बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन, बीइंग, आणि तीही तुझी तोंडपाठ आहेत. मराठी तुला कोणी तक्त्यावरून शिकवली नव्हती, तू बोलत सुटलीस म्हणून आली.

आता वॉर्डातलं सांगते, कारण बाकी कोणाला व्याकरण चुकलं तर हसू होतं, आपल्याकडे पेशंट असतो. एका हॉस्पिटलमध्ये मॉर्निंगला ओव्हर, म्हणजे आधीच्या ड्यूटीकडून काम ताब्यात, घेताना कागदावर नुसतं लिहिलेलं, "इंजेक्शन गिव्ह". दिलंय की द्यायचंय? नाइटची मुलगी निघून गेलेली, बसमध्ये असणार, फोन लागेना. पेशंट म्हणतोय रात्री काहीतरी टोचलं बुवा, आता किती वाजता ते कसं सांगू. वॉर्डबॉय मामांना इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या शोधायला लावलं, डॉक्टर राउंडला येऊन आमच्यावरच ओरडले, परत द्यावं तर डबल डोस व्हायची भीती आणि न द्यावं तर चुकला असेल तर काय. बऱ्याच वेळाने तिचा फोन लागला, दिलं होतं. गिव्हन लिहिलं असतं तर हा तमाशाच झाला नसता. द्यायचं बाकी असेल तर टु बी गिव्हन. एवढंच. ती पोर हुशार होती, हात अतिशय हलका होता तिचा, पण वाक्य कधी फिरवलं नव्हतं, त्यामुळे गिव्ह-गेव्ह-गिव्हन तिच्यासाठी पाठांतरातल्या एका ओळीपलीकडे काही नव्हतं.

अजून एक बघ. "हॅज नॉट पास्ड युरिन सिन्स मॉर्निंग" आणि "डिड नॉट पास युरिन इन द मॉर्निंग". पहिल्याचा अर्थ सकाळपासून आत्तापर्यंत लघवी झालेलीच नाही, म्हणजे हातातलं काम टाकून डॉक्टरांना कळव. दुसऱ्यात सकाळी झाली नव्हती, पुढचं वाक्य सांगतच नाही, मग तुला आय-ओ चार्ट, पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं तो, उघडून बघावं लागणार. तुझ्या त्या तक्त्यात प्रेझेंट परफेक्ट म्हणून जो चौकोन आहे ना तो हा. चौकोन पाठ करून हे कळलं असतं का तुला?

आणि गमतीही आहेत. "द पेशंट हॅज ड्रंक मिल्क" बरोबर आहे, पण घाईत "द पेशंट इज ड्रंक" लिहिलंस तर नातेवाईक भांडायला येतील. पेशंट पडला तर फेल डाउन, फेल्ट डाउन नाही, फेल्ट हे फीलचं. हे मी सीनियर लोकांच्या अक्षरातसुद्धा बघितलंय, डॉक्टरांच्याही, त्यामुळे तुझ्यावर हसणाऱ्या सीनियरला एकदा फॉल फिरवून दाखव म्हणावं. राहू दे, म्हणू नकोस, ड्यूट्या तिच्याच हातात असतील.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून झालं, तेव्हा मला वाटलं होतं की आता येणाऱ्या मुली फाडफाड बोलतील. तू पहिलीपासून शिकलीस, बारावीपर्यंत शिकलीस, आणि दोघींची गाडी अडकली एकाच ठिकाणी. कारण शाळेत वाक्य फिरवायचं ते फक्त 'डू ॲज डायरेक्टेड' च्या मार्कांपुरतं, आणि तेही राजाचं नाहीतर रामाचं वाक्य. स्वतःच्या घरातलं कोणी फिरवायला लावलं नाही.

मला पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं होतं. दोन वर्षांचा कोर्स, केला असता तर ट्यूटर झाले असते, शिकवायची आवड होतीच. फॉर्म आणून ठेवला होता, कपाटात राहिला. लोकांना मी सांगते की मुलगा लहान होता, सासूबाईंचं आजारपण होतं. होतंच, खोटं नाहीये ते, आणि तुला माझ्या घरची परिस्थिती माहिती नाही. पण मुलाखत इंग्रजीत असते असं ऐकलं होतं हेही आहे. वाक्य फिरवायची सवय मी त्यानंतर लावून घेतली, नाइटला, वॉर्ड शांत झाला की, ताप-नाडी-श्वास लिहायच्या जुन्या टीपीआर चार्टच्या पाठीमागे. तोपर्यंत वय गेलं होतं म्हणा, किंवा मी म्हणाले की गेलं.

तरीही मुलाला मी मराठी शाळेतच घातलं आणि ते मी आजही बरोबरच म्हणते. नणंदेने त्यावरून किती ऐकवलं, स्वतः इन-चार्ज सिस्टर आणि पोराला मराठी मीडियम, लोक काय म्हणतील. काय म्हणतील? रोज संध्याकाळी मी स्वयंपाक करता करता एक वाक्य द्यायची आणि तो ओट्याशी उभा राहून फिरवायचा, रडत फिरवायचा कधीकधी. आता नोकरीत परदेशातल्या लोकांशी बोलतो. नणंदेची मुलं इंग्रजी शाळेतली, बोलतात छान, माझं त्याला काही म्हणणं नाही, पण आजीला पत्र लिहायला सांगितलं की काय अवस्था होते ते मी पाहिलंय. असो. विषय तुझा चाललाय.

माझ्याबरोबर केरळच्या सिस्टर होत्या, तुझ्याही कॉलेजात असतील. आपल्या मुलींना वाटतं त्या इंग्रजी घेऊनच जन्माला आल्या. त्यातल्या कित्येकजणी मल्याळम मीडियमच्या, चुकायच्याही भरपूर. पण गाव सोडून आलेल्या, मराठी येत नाही, हिंदी धड नाही, मग डॉक्टरांना, मेट्रनला सगळं इंग्रजीतच विचारायला लागायचं. दिवसभर डिड ही टेक, हॅज शी ईटन, इज ही पेइंग टुडे. प्रश्न विचारून विचारूनच त्यांचं इंग्रजी झालं. तुझ्याभोवती सगळे मराठी बोलणारे, तुला कोणी भाग पाडत नाही, म्हणून ते काम वहीने करायचं.

ॲपबद्दल विचारलंयस. ठेव बाई, बसमध्ये टाइमपास म्हणून ठेव. चार पर्याय दिले की त्यातला बरोबर तुला ओळखता येतो, त्याने तुला वाटतं आलं. केस पेपरवर पर्याय छापलेले नसतात. ए, ॲन, द मध्ये आत्ता डोकं घालू नकोस, आपल्या भाषेत ती भानगडच नाही त्यामुळे वेळ लागतो, फक्त एवढं लक्षात ठेव की ते अक्षरावर जात नाही, उच्चारावर जातं: ॲन एक्स-रे, पण अ युरिन सॅम्पल. पॅसिव्ह व्हॉइस, डायरेक्ट-इनडायरेक्ट, सगळं नंतर. उच्चार मराठी वळणाचा आहे म्हणून लाजतेस तेही सोड, पेशंटला काही फरक पडत नाही.

पहिल्या आठवड्याला टेक, गिव्ह, फील, फॉल, स्लीप, ब्लीड, ड्रिंक. रोज एक. वाक्यं तुझ्या घरातली, होस्टेलमधली, वॉर्डातली, पुस्तकातली नकोत. आधी लिही, मग मोठ्याने म्हण, रूममेट हसली तर तिलाही एक फिरवायला दे. नाइट असली तरी सहा ओळी व्हायला पाहिजेत, चहा पिताना होतात. चुकलं तर खोडू नकोस, शेजारी बरोबर लिही, मला दोन्ही दिसले पाहिजेत. पान झालं की फोटो पाठव, माझी तब्येत कशी आहे वगैरे विचारत बसू नकोस, नुसता फोटो. आणि हाताने लिहिलेलाच पाठव, टाइप केलेलं मी वाचणार नाही, फोन मेला स्पेलिंग आपणहून सुधारून देतो.

तुझी,
सिस्टर