एसपीएफ ५० लावूनही तारकर्लीला कातडी का भाजली?

तुम्ही लिहिलंय की सकाळी हॉटेलवरून निघताना एकदा सनस्क्रीन लावलं आणि संध्याकाळी खांदे लालबुंद. क्रीम खराब असेलच असं नाही. बहुतेक ते कमी पडलं आणि पुन्हा लावलं गेलं नाही.

बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे क्रीम उन्हापासून किती वाचवतं त्याचा आकडा, मोजताना कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. आपण वाटाण्याएवढं घेऊन चेहराभर पुसतो. मग ५० चा आकडा नावापुरताच राहतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढा. एवढं नुसत्या चेहऱ्याला आणि मानेला लागतं. पोहण्याच्या कपड्यांत असाल तर अंगाला साधारण ३० मिली, म्हणजे ५० मिलीची ट्यूब दोनदा लावण्याआधीच संपते. महाग पडतं, खरंय. म्हणूनच मी पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि रुंद काठाची टोपी आधी सांगते.

उन्हात जायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर अंग पुसलं की लगेच. ‘वॉटर रेझिस्टंट’ असलं तरी. कान, मानेची मागची बाजू, पावलं हमखास विसरतात. ढगाळ हवेवर विसंबू नका, अतिनील किरण ढगांतूनही येतात.

आत्ता खांद्यांवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, बर्फ नको. फोड आले असतील तर फोडू नका. ताप किंवा थंडी वाजत असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा.