कोल्हापूर: आईच्या कृत्रिम गुडघ्यात पू झालाय. हाडाला सांधा चिकटवायचं सिमेंट अँटिबायोटिक घातल्याने कच्चं राहतं का?

किती घातलं त्यावर आहे. सिमेंटच्या 40 ग्रॅम पावडरीत 1-2 ग्रॅम औषधाने फारसं बिघडत नाही; नवा सांधा त्यावर बसवतात. दोन टप्प्यांच्या ऑपरेशनमध्ये (आधी जुना सांधा काढतात, नंतर नवा बसवतात) मधल्या काळासाठी जो स्पेसर, म्हणजे सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, ठेवतात, त्यात 4 ग्रॅम किंवा जास्तही घालतात. औषध झिरपून गेलं की छिद्रं उरतात, तिथून तडा जातो. पण स्पेसर काढायचाच असल्याने ताकदीपेक्षा औषध महत्त्वाचं. व्हँकोमायसिनसारख्या अँटिबायोटिकची कोरडी पावडरच हवी. पैसे वाचवायला जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं पातळ इंजेक्शन ओतलं तर पाण्यामुळे सिमेंट चांगलंच कमजोर होतं. ही काटकसर नकोच. स्पेसर असेतो वॉकर सोडू देऊ नका, भार सर्जन सांगतील तेवढाच. अंबाबाईच्या दर्शनाची रांग नंतर.