बारावीच्या मुलीला देवमासे वाचवायचेत, बाबा म्हणतात मर्चंट नेव्ही

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, मॅथ्स आणि बायो दोन्ही ठेवलंय, गणितात चांगली आहे. वडील न्हावाशेवाला कंटेनर टर्मिनलमध्ये कामाला. जहाजांची धडक बसून देवमासे मरतात असा एक व्हिडिओ मुलीने पाहिला आणि तेव्हापासून 'मला हेच थांबवायचंय' एवढंच चाललंय. बाबांचं म्हणणं, मासे वाचवून घर चालत नाही, मर्चंट नेव्ही कर नाहीतर कॉम्प्युटर घे. आईने विचारलंय, अशी नोकरी असते तरी का, आणि त्यासाठी झूलॉजी घ्यावं लागेल का.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. 'देवमासे वाचवणारा' अशी थेट पोस्ट आपल्याकडे निघत नाही, जाहिरातीची वाट बघत बसू नका. पण काम खरं आहे, आणि मला विचाराल तर तुमच्या घरातले दोघं भांडतायत ते एकाच कामाच्या दोन टोकांवरून.

का ते सांगते. देवमाशाला श्वासासाठी वर यावंच लागतं, काही जाती पृष्ठभागाजवळच खातात, विश्रांतीही तिथेच घेतात, आणि नेमकी तिथूनच जहाजं जातात. मोठ्या कंटेनर जहाजाला धडक जाणवतसुद्धा नाही, कधीकधी तर बंदरात आल्यावर कळतं की जहाजाच्या पुढच्या टोकाला पाण्याखाली असलेल्या फुगवट्यावर, म्हणजे बल्बवर, मेलेला देवमासा अडकलाय. बरेच मेलेले देवमासे बुडूनच जातात, म्हणजे मोजणीत येतात त्याहून खरा आकडा जास्त. आणि जहाज काही रिक्षासारखं कचकन थांबत नाही. म्हणून उपाय मुख्यतः दोनच, जहाजाचा रस्ता बाजूला घ्या किंवा वेग कमी करा. २००७ च्या एका कॅनडियन अभ्यासात निघालं की १५ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) धडक बसली तर मोठा देवमासा मरायची शक्यता साधारण ८० टक्के, आणि ८.६ नॉटला ती २० टक्क्यांवर येते. अमेरिकेने २००८ च्या डिसेंबरपासून पूर्व किनाऱ्यावर ठरावीक भागात, ठरावीक महिन्यांत, ६५ फूट आणि त्याहून लांब जहाजांना १० नॉटची मर्यादा लावली, तिथले राइट व्हेल जातीचे देवमासे फार थोडे उरलेत म्हणून. बोस्टनजवळची शिपिंग लेन २००७ मध्ये वळवली, ती तर देवमासे कुठे दिसतात याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी नकाशावर मांडून. आपल्या जवळचं उदाहरण श्रीलंकेचं, दक्षिण टोकाला डोंड्रा हेडजवळ ब्लू व्हेल आणि भयंकर ट्रॅफिक एकाच पट्ट्यात, तिथे एमएससी या कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं साधारण १५ सागरी मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली.

आता यात निर्णय कोणी घेतले बघा. कॅप्टन, शिपिंग कंपन्या, बंदरं, सरकारं, आणि लेन बदलायची तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटना. देवमाशाच्या अभ्यासकांशिवाय हे झालंच नसतं, पण स्टिअरिंग त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून गणित चांगलं असलेल्या मुलीने फक्त प्राण्यांवर प्रेम आहे म्हणून झूलॉजीत जावं असं मला वाटत नाही, निदान पहिल्या डिग्रीला तरी नाही.

माझी पसंती सांगू? स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाची ओळख-यंत्रणा असते, त्यातून जहाज कुठे आहे, किती वेगात आहे ते सतत कळतं, पाण्याखालच्या मायक्रोफोनमध्ये देवमाशांचे आवाज पकडता येतात, आणि हे दोन्ही एकत्र करून धोका कुठे जास्त आहे ते काढणं हे शुद्ध डेटाचं काम आहे. बीएस्सी मुंबईतच होईल, मग मरीन सायन्सला गोवा विद्यापीठ किंवा वाइल्डलाइफला डेहराडूनची संस्था, अर्थात कुठे कुठली डिग्री चालते ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघायचं. आणि समजा हे नाही जमलं तरी पोरगी रिकामी बसणार नाही, बाबांचीही काळजी मिटली.

मर्चंट नेव्ही वाईट नाही हां. नेरूळजवळ इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आहे, नॉटिकल सायन्सला, म्हणजे जहाज चालवायच्या डिग्रीला, त्यांची सीईटी द्यायची, मुलींना प्रवेश आहे. काही वर्षं जहाजावर काढून मग किनाऱ्यावर ट्रॅफिक कंट्रोल, कंपनीचं रूट प्लॅनिंग, असं वळता येतं, आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, उभं राहिलेल्या माणसाचं कॅप्टन लोक ऐकतात. पण महिनोन्‌महिने घराबाहेर, ते तिला झेपेल का ते तिलाच विचारा. डेकला, म्हणजे जहाज चालवणाऱ्या ऑफिसरांना, कलर ब्लाइंडनेस चालत नाही, तेव्हा क्लासची फी भरायच्या आधी डोळे तपासा, आणि 'सीट करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका. बोट लागते का तेही बघा, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोने एक चक्कर मारा, त्यातच उलट्या झाल्या तर... असो, सवय होते म्हणतात. आवाज कमी करणारे प्रोपेलर वगैरे डिझाइनमध्ये रस असेल तर नेव्हल आर्किटेक्चर, आयआयटी मद्रास, खरगपूर, म्हणजे जेईई अ‍ॅडव्हान्स्ड आलीच.

आणि तिला बायोच करायचं असेल तर? करू दे की, रत्नागिरीला शिरगावचं फिशरीज कॉलेज आहे. २०१६ च्या जानेवारीत जुहूला मेलेला देवमासा आला होता आठवत असेल, अशा वेळी तो कशाने मेला, हाड जिवंतपणी मोडलं की नंतर, हे बघणारं माणूस लागतंच. फक्त आधीच सांगते, यातली बरीच कामं प्रोजेक्टवर असतात, कॉन्ट्रॅक्ट संपलं की पुढचं शोधा, आणि वास सहन करायची तयारी पाहिजे. पण अरबी समुद्रातले हम्पबॅक जातीचे देवमासे इतर हम्पबॅकसारखे दूर स्थलांतर करत नाहीत, ओमानकडच्या अभ्यासात त्यांचा अंदाज शंभराच्या आत निघाला होता, आणि इकडे पालघर जिल्ह्यात वाढवणचं बंदर येऊ घातलंय. म्हणजे प्रश्न वाढणारच, माणसं लागणारच.

बाबांना माझा एक निरोप द्या. जहाजं फुल स्पीडने येतात आणि बर्थ (जहाज लागायची जागा) रिकामा नाही म्हणून बाहेर अँकर टाकून बसतात, हे त्यांनी टर्मिनलवर पाहिलं असेलच. बर्थची वेळ आधी कळवली आणि जहाज हळू आलं तर? वेग १० टक्के कमी केला तर तेवढ्याच अंतराला साधारण पाचव्या भागाइतकं इंधन वाचतं, आवाज कमी होतो आणि देवमाशालाही सुटायला वाव मिळतो. कंपनीला हे डिझेलच्या भाषेत पटतं, देवमाशाच्या भाषेत पटेलच असं नाही. एका रविवारी त्यांनी मुलीला बर्थ प्लॅनिंग कसं चालतं ते समजावून सांगावं. माझ्या करिअर सल्ल्याच्या दहा सेशनपेक्षा ते बरं.

तोवर दोन्ही विषय ठेवा, मॅथ्स सोडू देऊ नका, आणि फिजिक्समधला लहरींचा चॅप्टर ऑप्शनला टाकायचा नाही म्हणावं.