जीपीए 3.1 आहे. अमेरिकेत मेडिकलला जाण्यासाठी मास्टर्स करू की पदवीनंतर पुन्हा कोर्स घेऊ?

तू लिहिलंयस की बायोलॉजीची पदवी झाली, 120 क्रेडिट्स, जीपीए (4 पैकी सरासरी ग्रेड) 3.1, सायन्सच्या 50 क्रेडिट्सचा 2.9, आणि आता पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करून जीपीए वर काढायचा विचार आहे. वयाने लहान दिसतोस, म्हणून तू म्हणते. मीही साधारण याच आकड्यावर होते. न्यू जर्सीत नोकरी सांभाळून दोन वर्षं पोस्ट-बॅक, म्हणजे पदवीनंतर पुन्हा अंडरग्रॅज्युएट कोर्स, केलं, आज मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

मास्टर्समध्ये सगळीकडे ए मिळवलेस तरी तुझा 3.1 जागचा हलणार नाही. बहुतेक एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांचे अर्ज ज्या अ‍ॅमकास या सामायिक अर्ज सेवेतून जातात, तिथे मास्टर्सचे ग्रेड वेगळ्या ओळीत दाखवतात. पदवीनंतर घेतलेले अंडरग्रॅज्युएट पातळीचे कोर्स मात्र जुन्यात मिळवले जातात. आणि विषय पुन्हा केलास म्हणून जुना सी पुसला जात नाही, दोन्ही धरतात. डीओ (ऑस्टिओपॅथिक, डॉक्टर होण्याची दुसरी पदवी) कॉलेजांकडे पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा. ती सोय 2017 मध्ये बंद झाली, तरी जुने सल्ले अजून फिरत असतात.

आता हिशोब कर. मी तो किराणाच्या पावतीमागे केला होता आणि खूप रडले होते. 120 क्रेडिट्स गुणिले 3.1 म्हणजे 372. आणखी 30 क्रेडिट्स, सगळे ए (प्रत्येकी 4), म्हणजे 120. एकूण 492 भागिले 150, हाती येतात 3.28. सायन्सचा होईल 3.31. प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी 3.7 च्या वर असते. आकडा तिथवर नेणं जवळजवळ अशक्य आहे, आणि त्यामागे धावू नकोस. अर्जात वर्षवार जीपीए दिसतो, पोस्ट-बॅकचा वेगळा दिसतो. 2.8, 3.0 आणि मग 4.0, असा चढ दिसला पाहिजे. खरी किंमत त्या चढाला आहे.

म्हणूनच एकदम चार कोर्स घेऊ नकोस, कळकळीने सांगते. मार्क का पडले ते आधी शोध. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या दुसऱ्या सत्रात मला सी प्लस होता. तेव्हा मी आठवड्याला पंचवीस तास काम करत होते, आणि गणितं सोडवण्याऐवजी सोडवलेली वाचत होते. पोस्ट-बॅकला मी आधी एकच विषय घेतला, संध्याकाळचं बायोकेमिस्ट्री. कामावरून थेट कॉलेजात, पार्किंगमध्ये गाडीतच पोळीभाजीचा डबा, मग वर्ग. फ्रिजवर पांढरा बोर्ड होता. सकाळी चहा उकळेपर्यंत त्यावर ग्लायकोलिसिसच्या (पेशीत साखर फोडण्याच्या) दहा पायऱ्या न बघता लिहायच्या. सोमवारी सहाव्या पायरीला हात थांबायचा, शुक्रवारी दहाही उतरायच्या. त्या विषयात ए आला तेव्हा पुढच्या सत्रात दोन घेतले.

तुझे सी प्लस असतील तर तेच विषय पुन्हा करत बसू नकोस. पुढचे घे: बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, सेल बायोलॉजी. सी मायनस किंवा खाली असेल आणि तो विषय प्रवेशाला लागत असेल, तरच पुन्हा कर. शक्यतो चार वर्षांच्या कॉलेजात कर. ब्रिन मॉर, गाउचर यांचे नावाजलेले कार्यक्रम सायन्स कधीच न केलेल्यांसाठी आहेत, तुझ्यासाठी नाहीत. जॉर्जटाउनसारखा स्पेशल मास्टर्स, ज्यात मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्याच तोडीचा अभ्यास असतो, हा नंतरचा पर्याय आहे. तो महाग आहे, आणि तिथे बी-सी आले तर सावरायला फारसं काही उरत नाही. त्याआधी दोन सत्रं तरी सलग ए दाखव.

एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, घाईत देऊ नकोस, सगळे स्कोअर कॉलेजांना दिसतात. आणि तू एच-4 वर (एच-1बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असशील तर बरीच मेडिकल कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच घेतात, ती यादी पैसे भरण्याआधी तपास.

घरून फोन येतील, "अजून कॉलेजच चालू आहे का?" तिकडे बारावीनंतर नीट देऊन थेट एमबीबीएस, त्यामुळे इथली वाट त्यांना समजत नाही. माझ्या आईला मी ती पावती दाखवून समजावलं, तेव्हापासून ती दर सत्राला ग्रेड विचारायची.

आज एवढं कर: ट्रान्सक्रिप्ट काढ, सी आलेल्या प्रत्येक विषयापुढे तेव्हा आठवड्याला किती तास काम होतं ते लिही, आणि इथे खाली उत्तरात टाक. पहिला विषय कोणता घ्यायचा ते मी बघून सांगते.