अँटिबायोटिक, जुलाब आणि प्रोबायोटिकची निवड

प्रश्न : दाढेच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक सुरू केल्यापासून माझ्या आईला पातळ जुलाब होत आहेत. दुकानदाराने तीन वेगवेगळी प्रोबायोटिक्स पुढे ठेवली. कोणते घ्यावे? घरचे दही पुरेसे नाही का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : प्रोबायोटिक म्हणजे आरोग्याला उपयोगी पडणारे जिवंत सूक्ष्मजीव. त्याचा गुण त्यातील सूक्ष्मजीवाच्या विशिष्ट उपप्रकारावर ठरतो, त्यामुळे पाकिटावर केवळ ‘लॅक्टोबॅसिलस’ एवढेच छापले असेल तर त्यावरून फारसे काही कळत नाही. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांसाठी ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’ आणि ‘सॅकरोमायसिस बोलार्डी’ या दोहोंचा अभ्यास बराच झाला आहे. यांपैकी दुसरे हे यीस्ट (एक प्रकारची बुरशी, जिवाणू नव्हे) असल्याने अँटिबायोटिक त्याला मारत नाही. जिवाणूंची कॅप्सूल मात्र अँटिबायोटिकनंतर किमान दोन तासांनी घ्यावी.

खोक्यावरील जिवंत सूक्ष्मजीवांच्या संख्येचे कोटींचे आकडे पाहून भुलू नये. तो आकडा उत्पादनाच्या वेळचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, हे वाचावे. साठवणीचे तापमानही पाहावे, कारण मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना ‘२५ अंशांखाली ठेवा’ असे लिहिलेली बाटली दुचाकीच्या डिकीत तापली, तर पैसे वायाच जातात.

दही जरूर द्यावे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस बाजूला ठेवावी. मात्र विरजणात नेमके कोणते जिवाणू आहेत हे ठाऊक नसल्याने दह्याला औषध म्हणता येणार नाही. ताप, शौचात रक्त किंवा ग्लानी असल्यास डॉक्टरांनाच दाखवावे. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी तर त्यांना विचारल्याखेरीज प्रोबायोटिक घेऊच नये.