सहा पुस्तकं, सगळी अर्धवट

«माझं वय 36. चार महिन्यांपूर्वी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान झालं. समजून घ्यावं म्हणून सहा पुस्तकं आणली, पण एकही चाळिसाव्या पानापुढे गेलं नाही. एक पुस्तक म्हणतं ही देणगी आहे, दुसरं वाचून रडू येतं. नवरा म्हणतो, पुस्तकातली कारणं मला सांगू नकोस. माझ्यात खरंच काही बलस्थानं आहेत, की सगळे नुसती समजूत घालतात?»

ताई, पुस्तकं एकमेकांशी भांडतात कारण त्यांचे लेखकच भांडतात. एडीएचडीचे गुण शिकारी जीवनाला पोषक होते आणि शेतीच्या चाकोरीत अडचण ठरले, अशी मांडणी लेखक थॉम हार्टमन यांनी 1993 मध्ये केली. कल्पना मोहक आहे, सिद्ध झालेली नाही. मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी अडचणींसोबत बलस्थानांवरही भर देतात. मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांना ‘देणगी’ ही भाषाच पटत नाही. त्यांच्या लेखी हा स्वतःवर लगाम ठेवण्याच्या क्षमतेतला गंभीर बिघाड आहे. आमचं मत विचाराल तर धीर हॅलोवेलकडून घ्या, उपाय बार्कलींकडून.

पुस्तक उघडण्याआधी प्रकाशनाचं वर्ष बघा. निदानाचे निकष 2013 मध्ये बदलले. त्याआधी लक्षणं वयाच्या सातव्या वर्षापूर्वी दिसायला हवीत अशी अट होती, आता ती बाराव्या वर्षापूर्वी अशी आहे. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना लक्ष न टिकणं किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातल्या नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात. जुन्या पुस्तकातली यादी भरून ‘मला हे नाहीच’ असं ठरवू नका.

आता चाळिसाव्या पानाचं. नवेपणा संपला की तुमचं लक्ष सुटतं, आणि या पुस्तकांची पहिली प्रकरणं बहुतेकदा व्याख्या आणि इतिहासात जातात. ती सोडा. अनुक्रमणिकेतून आज नडतंय ते एकच प्रकरण निवडा: वेळेचा अंदाज, पैसे, राग, काहीही. पंधरा मिनिटांचा गजर लावा, हातात पेन्सिल ठेवा. समासात तीनच खुणा करायच्या: माझ्याबाबत खरं असेल तर बरोबर, नसेल तर फुली, डॉक्टरांना विचारायचं असेल तर प्रश्नचिन्ह. फुल्या भरपूर पडू द्या. एडीएचडीची दोन माणसं सारखी नसतात. बसून वाचवत नसेल तर चालताना ऐका. प्रकरणातला एक उपाय दोन आठवडे करून बघितल्याशिवाय पुढचं उघडू नका. नाहीतर नवं पुस्तक विकत घेणं हाच उपाय वाटायला लागतो (सहा पुस्तकांवरून शंका येतेच). आणि रात्री झोपताना हे वाचन नको. एखादं प्रकरण तंतोतंत आपलंच निघालं की दोन वाजतात, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीचं लक्ष आणखी ढळतं.

बलस्थानांचं उत्तर पुस्तकात अर्धंच मिळेल. आवडीच्या कामात तासन्‌तास बुडून जाणं, वेगळ्या कल्पना सुचणं, गडबडीत डोकं शांत चालणं हे अनेकजण सांगतात. पण बरेचसे दावे लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या अनुभवांवर उभे आहेत, आणि सर्जनशीलतेच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. म्हणून स्वतःचा पुरावा गोळा करा. काम उत्तम झालं असे तीन प्रसंग आठवा. प्रत्येकाखाली लिहा: मुदत किती जवळ होती, सोबत कोण होतं, काम नवं होतं की नेहमीचं, आणि त्या वेळात दुसरं काय राहून गेलं. हा शेवटचा रकाना गाळू नका. सात तास बुडून काम केलं पण जेवण, औषध आणि दोन महत्त्वाचे फोन विसरले, तर ती ताकद आहेच, पण गजराशिवाय वापरायची नाही. तिन्ही प्रसंगांत जी परिस्थिती समान दिसेल, तीच कामात मुद्दाम तयार करता येते. सोबत कुणीतरी बसल्यावर काम होत असेल, तर बिलं भरायला तसंच बसा.

कुठलंही पुस्तक वाचून औषध बंद किंवा कमीजास्त करू नका. तुमची प्रश्नचिन्हं डॉक्टरांकडे न्या.

नवऱ्याला अख्खं पुस्तक देऊ नका, भांडणात तर उताराही वाचून दाखवू नका. शांत दिवशी बरोबरची खूण असलेली दहा पानं द्या, आणि त्यातला कोणता उपाय तुम्ही या आठवड्यात करणार आहात तेही त्याच वेळी सांगा. तुम्ही कारणं देताय हा त्याचा संशय उपाय चालू झालेला दिसल्यावर कमी होईल, पानं वाचून नाही.