दार उघडल्यावर कुणीतरी असावं

"एकटं वाटतं, कुत्रा पाळू का?" नोकरी किंवा शिक्षणासाठी दोन-तीन वर्षांपुरते शहरात आलेले तरुण माझ्याकडे समुपदेशनाला आले की हे इतक्यांदा विचारतात, की उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. बहुतेकांना माझी परवानगी हवी असते. ती मी देत नाही, नाकारतही नाही.

अशीच एक तरुणी आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दोन वर्षांचा प्रोजेक्ट, भाड्याची खोली, रोज दहा तास बाहेर. मोबाईलवर पिल्लाचे फोटो तयारच होते.

"मॅडम, दार उघडलं की कुणीतरी धावत यावं, एवढंच हवंय."

"आणि प्रोजेक्ट संपला की?"

"घरचे ठेवतील ना."

"विचारलंस त्यांना?"

विचारलं नव्हतं. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो, मांजर पंधरा वर्षंही काढतं, हे तिला पाठ होतं. माहितीनं माणसाचं मन वळत असतं तर माझ्यासारख्यांची गरजच उरली नसती.

पुढच्या भेटींत ती तेच तेच बोलत राहिली. मग एकदा मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "तिथे बस आणि तू तो कुत्रा आहेस असं समजून तुझा दिवस सांग." या रिकाम्या खुर्चीवर माझा फार भरवसा. काही सहकारी याला नाटक म्हणतात. म्हणोत.

ती हसत हसत बसली. "सकाळी ती घाईत निघते. मी दारापर्यंत जातो. मग झोपतो. उठतो, पाणी पितो." हसू ओसरलं. "जिन्यात पावलं वाजली की कान टवकारतो. ती नसते. परत झोपतो."

बराच वेळ ती गप्प होती. मीही मध्ये बोलले नाही; अशा वेळी तोंड बंद ठेवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. मग ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी मी अशीच असते, मॅडम. फोन वाजला की झडप घालते आणि निघतो ऑफिसचा मेसेज."

मला जे दिसत होतं ते तिनंच बोलून दाखवलं. तिला सोबत हवी होती हे खरंच, पण तिनं आखलेल्या बेतात तिचं वाट पाहणं दुसऱ्या जिवाच्या गळ्यात पडणार होतं. तिचा एकटेपणा संध्याकाळी तासभर कमी झाला असता आणि त्याच्या वाट्याला दिवसभराचा आला असता. माझं मत असं, की अशा वेळी माणसाला प्राण्यापेक्षाही कुणाला तरी आपली गरज असावी, ही भूक असते. ती भागवायला मालक व्हावं लागत नाही.

त्यानंतरचं काम सोपं होतं. जवळच्या एका वयस्कर गृहस्थांचे गुडघे दुखायचे, त्यांच्या कुत्र्याला संध्याकाळी फिरवायचं तिनं मागून घेतलं. कुत्रा तिची वाट बघू लागलाच, शिवाय काका चार शब्द बोलू लागले. हे दुसरं तिच्या हिशेबात नव्हतं, माझ्या होतं.

प्राणी निवाऱ्यात सुट्टीच्या दिवशी मदतीला जाता येतं. गावाला जाणाऱ्यांचं मांजर चार दिवस सांभाळता येतं. घरमालकाची लेखी परवानगी असेल आणि दिवसाचा बराच वेळ घरी असाल, तर एखादा प्राणी कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता सांभाळायला घ्यावा. निरोप देताना रडू येईल, येऊ द्यावं. "मग मासा किंवा ससा?" असंही विचारतात. नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा वर्षं सहज जगतो, ससा आठ-दहा वर्षं, पोपट तर कित्येक दशकं. अंगानं लहान म्हणून जबाबदारी लहान होत नाही.

आणि तरीही पाळायचंच असेल, तर पिल्लू नको. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त लघवी धरू शकत नाही; तुमचे दहा तास त्याला झेपायचे नाहीत. वयानं मोठं, शांत मांजर घ्या. पण त्याआधी पुढच्या शहरात ते कुणासोबत आणि कसं जाणार, हे कागदावर लिहून काढा. ज्यांनी सांभाळावं असं तुम्ही गृहीत धरलंय, त्यांना तो कागद वाचायला द्या आणि "हो" त्यांच्या तोंडून ऐका.